पैनगंगेच्या वळणातले रान : ढाणकीपलीकडचा बंदी भाग

यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, उमरखेड तालुक्यात ढाणकी हे बाजाराचे मोठे गाव आहे. गावाच्या एका बाजूला कापूस, सोयाबीन आणि तुरीची काळीभोर शेते पसरलेली आहेत. दुसऱ्या बाजूने, बिटरगावच्या दिशेने निघाले की थोड्याच अंतरात जमिनीचा रंग बदलू लागतो. काळी माती तांबूस होते, शेतांच्या बांधांवर दगडांच्या राशी दिसू लागतात, बाभळी मागे पडतात आणि सागाची उभी सरळ खोडे सुरू होतात. येथून पुढे नदीपर्यंतचा डोंगराळ मुलूख उमरखेड तालुक्यात 'बंदी भाग' या नावाने ओळखला जातो. कोरटा, दराटी, मोरचंडी, जेवली, खरबी ही त्यातली काही गावे. नावाची व्युत्पत्ती काहीही असो, पावसाळ्याच्या दिवसांत ते अक्षरशः खरे ठरते, असा येथील रहिवाशांचा अनुभव आहे.

या मुलखाचा बराचसा भाग पैनगंगा अभयारण्यात येतो. तीनशे चौरस किलोमीटरहून अधिक क्षेत्राचे हे अभयारण्य यवतमाळ आणि नांदेड या दोन जिल्ह्यांत, नदीच्या दोन्ही अंगांना पसरलेले आहे. ताडोबा किंवा मेळघाटाप्रमाणे त्याचा गाजावाजा नाही. विदर्भातल्या वाचकालाही या जंगलाची ओळख बहुधा सहस्रकुंडच्या धबधब्यापुरतीच असते. मात्र दख्खनच्या पठारावरचे सागाचे कोरडे जंगल कसे असते, ते कोणत्या खडकावर उभे राहते आणि रस्त्याअभावी ते कसे टिकून राहते, हे पाहायचे असेल तर याहून बोलका प्रदेश विदर्भाच्या या टोकाला दुसरा नाही.

नदीने घातलेला वेढा

बंदी भागाचा नकाशा समजून घ्यायचा तर आधी पैनगंगेची वाट पाहावी लागते. अजिंठ्याच्या डोंगरात, बुलडाणा जिल्ह्यात उगम पावणारी ही नदी ईसापूरच्या धरणातून बाहेर पडून आग्नेयेकडे वाहत येते. उमरखेड आणि ढाणकीच्या दक्षिणेकडून ती हिमायतनगरच्या बाजूने पुढे जाते आणि सहस्रकुंडला काळ्या खडकावरून खाली उडी घेते. त्यानंतर तिची दिशा बदलते. सरळ पूर्वेला वर्धा नदीकडे न जाता ती किनवटच्या बाजूने उत्तरेला वळते आणि माहूरच्या डोंगरापर्यंत चढत जाते. पुसदकडून येणारी पूस नदी तिला माहूरजवळ मिळते. तेथून पुढे ती पुन्हा पूर्वेची वाट धरते. या मोठ्या वळणाच्या पोटात जो डोंगराळ प्रदेश सापडला, तोच बंदी भाग. त्याच्या दक्षिणेला नदी, पूर्वेला नदी आणि उत्तरेला पुन्हा नदीच. मोकळी बाजू एकच, ती ढाणकी आणि उमरखेडची.

नदीच्या या वेढ्याचा परिणाम वाहतुकीच्या इतिहासावर झाला आहे. नागपूरहून नांदेडकडे जाणारा महामार्ग आर्णी, महागाव, उमरखेड असा पश्चिमेच्या बाजूने निघून जातो. मुदखेड ते आदिलाबाद हा लोहमार्ग हिमायतनगर, सहस्रकुंड, किनवट अशी स्थानके घेत नदीच्या पलीकडून धावतो. माहूरच्या रेणुकादेवीला जाणारे भाविक आपापल्या बाजूने येतात आणि जातात. सगळ्यांनी या वळणाला वळसा घातला आहे. मधून जाण्याची गरज कोणालाच पडली नाही, आणि जेव्हा पडली तेव्हा ते परवडले नाही.

त्यात भर राजकीय सीमेची. १८५३ साली वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली गेले आणि पैनगंगेचा काठ दोन राज्यकारभारांची सीमा बनला. अलीकडे वऱ्हाड, पलीकडे निजामाचे संस्थान. पुसदचा मुलूख आधी वाशीम जिल्ह्यात होता, तो १९०५ मध्ये यवतमाळकडे आला. सीमा मात्र १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत नदीवरच राहिली. सीमेवरच्या डोंगराळ टोकाला पूल आणि सडका बांधण्याची घाई कोणत्याच राजवटीला नसते. येथेही ती नव्हती.

पायऱ्यांचे डोंगर

बंदी भागातले डोंगर उंचीने फार मोठे नाहीत. सह्याद्रीच्या कड्यांची सवय असलेल्या डोळ्यांना ते टेकड्याच वाटतील. त्यांची अडचण उंचीत नसून रचनेत आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनच्या पठारावर लाव्हारसाचे थर एकावर एक पसरत गेले आणि थिजले. प्रत्येक थराचा खालचा भाग घट्ट, टणक झाला, तर वरचा भाग वायूंच्या बुडबुड्यांमुळे सच्छिद्र राहिला. दोन थरांच्या मधल्या काळात काही ठिकाणी गेरूच्या रंगाची लाल मातीही जमली. पुढच्या काळात पाऊस आणि नाल्यांनी मऊ भाग झिजवला, टणक भाग उभा राहिला. त्यामुळे येथील डोंगराचा उतार सलग नसतो. एक कडा, मग अरुंद सपाटी, पुन्हा कडा, पुन्हा सपाटी, आणि अगदी वर टेबलासारखा चपटा माथा. बैलबंडीला अशा पायऱ्या चढता येत नाहीत. पायवाटेला येतात. म्हणून येथील जुन्या वाटा माणसांच्या आणि गुरांच्या आहेत, चाकांच्या नाहीत.

पाण्याचे गणितही याच थरांवर चालते. टणक खडकात पाणी मुरत नाही. ते सच्छिद्र थरातून आणि भेगांतून वाट काढते आणि लाल मातीच्या पट्ट्याशी अडून कड्याच्या पायथ्याशी झऱ्याच्या रूपाने बाहेर पडते. दिवाळीपर्यंत असे झरे वाहतात. नंतर एक-एक करून आटत जातात. उन्हाळ्यात नाल्याच्या वाळूत हातभर खोदून केलेला झिरा हाच अनेक ठिकाणी माणसांचा आणि जनावरांचा आधार असतो. वर्षाला नऊशे ते हजार मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या प्रदेशात मे महिन्यात पाणी शोधावे लागते, ही गोष्ट बाहेरच्या माणसाला नवलाची वाटते. खडक पाहिला की नवल उरत नाही.

पडणारा पाऊस जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत येतो, आणि तोही धारांनी. उतारावर माती थोडी, खाली खडक, त्यामुळे पाऊस थांबायच्या आत नाले भरून वाहू लागतात. बंदी भागात दोन गावांमधले अंतर फार नसते, पण त्या अंतरात नाले अनेक असतात. बहुतेक नाल्यांवर पूल नसून रपटे असतात, आणि काहींवर तेही नसतात. एका रपट्यावरून पाणी गेले की पलीकडची सगळी गावे तुटतात. तासाभरात ओसरणारा पूर असेल तर माणसे काठावर बसून राहतात. झड लागली तर मात्र दिवस जातात. ढाणकीहून हिमायतनगरकडे जाणाऱ्या मार्गावरचा गांजेगावचा पूलही पैनगंगेच्या पुराखाली जाण्यासाठी प्रसिद्ध आहे. तेथे तर नदी मोठी आहे. आतल्या नाल्यांची नावे बातमीत येत नाहीत, एवढाच फरक.

साग कोठे आणि का

वनशास्त्राच्या वर्गीकरणात हे जंगल दक्षिणेकडील उष्ण कटिबंधीय शुष्क पानझडी प्रकारात मोडते. त्याचा राजा साग. साग हा वृक्ष जगात नैसर्गिकरीत्या केवळ चार देशांत उगवतो: भारत, म्यानमार, थायलंड आणि लाओस. त्याला चुन्याचा अंश असलेली आणि पाण्याचा निचरा होणारी जमीन लागते. मुळाशी पाणी साचलेले त्याला चालत नाही. काळ्या पाषाणाच्या झिजेतून बनलेली मुरमाड, उताराची जमीन त्याला नेमकी हीच सोय करून देते. त्यामुळे डोंगराच्या मधल्या पायऱ्यांवर साग दाट असतो, आणि जेथे सपाटीवर भारी काळी माती साचलेली आहे तेथे तो एकाएकी थांबतो. जाणकार माणूस झाडे पाहून मातीची जात सांगू शकतो.

आजचा साग म्हणजे आदिम अरण्याचा साग, असे मात्र समजू नये. इंग्रजी अमदानीपासून राखीव वनांत कूप पाडण्याची पद्धत होती. ठरावीक क्षेत्रातील झाडे बुंध्याशी तोडायची आणि उरलेल्या खुंटातून नवे फुटवे येऊ द्यायचे. सागाचा खुंट सहजासहजी मरत नाही. एका जागेतून दोन-तीन खोडे निघालेली झाडे जंगलात ठिकठिकाणी दिसतात, ती या तोडीची खूण. आगीनंतरही साग असाच पुन्हा फुटतो. त्याच्या या चिवटपणामुळेच तोड, वणवा आणि चराई सोसूनही जंगलात सागाचे प्रमाण टिकून राहते. काहीसे वाढतेही, आणि नाजूक जातींची झाडे मागे पडतात. सागाचे जंगल दाट दिसले म्हणजे जंगल निरोगी आहेच, असा निष्कर्ष काढता येत नाही, तो यामुळे.

सागाच्या सोबतीला ऐन, धावडा, लेंडिया, बिजा, हळदू, कळंब, तिवस, रोहन, तेंदू, मोह, चारोळी, बेहडा आणि आवळा ही मंडळी असतात. ऐनाची साल जाड, मगरीच्या पाठीसारखी चौकोनी भेगांची. तिच्यामुळे जमिनीवरून सरपटत जाणारी आग खोडाला फारशी बाधत नाही. धावड्याचे खोड याउलट गुळगुळीत आणि फिकट, त्याचा डिंक बाजारात विकला जातो. बिजाच्या सालीवर घाव बसला तर रक्तासारखा लाल रस गळतो. पूर्वी गाडीची आणि शेतीची अवजारे बनविण्यासाठी तिवसाच्या लाकडाला मान होता. आज ती अवजारे लोखंडी झाली, आणि तिवस ओळखणारी माणसेही कमी होत चालली आहेत.

माथ्यावर चित्र बदलते. तेथे माती बोटभर, वारा मोकळा आणि ऊन कडक. साग खुरटतो. त्याची जागा सालई, मोई, कढई आणि गणेर घेतात. सालईच्या खोडावर कागदासारखे पापुद्रे सुटतात आणि तिच्या राळेला धुपासारखा वास येतो. कढईचे झाड तर रात्रीच्या वेळी अंधारातही ओळखता येते. त्याचे पांढुरके, चकाकणारे खोड फांद्या पसरून निष्पर्ण उभे असते. गणेराला फेब्रुवारी-मार्चमध्ये एकही पान नसताना मोठाली पिवळी फुले येतात. या झाडांचे लाकूड मऊ, जळणालाही फारसे कामाचे नाही. म्हणून कुऱ्हाड त्यांच्याकडे सहसा वळली नाही, आणि माथ्यांवरची काही जुनी झाडे वाचली.

खाली सपाटीवर पळस आहे. भारी मातीत पाणी साचले तरी तो तग धरतो. साग जेथे हरतो तेथे पळसाचे राज्य सुरू होते. होळीच्या सुमारास या सपाट्या केशरी होतात. आणखी खाली, नाल्याच्या आणि नदीच्या काठाने जंगलाचा तिसरा प्रकार लागतो. विदर्भात कहू म्हणतात तो अर्जुन वृक्ष, जांभूळ, करंज, उंबर यांची येथे दाटी असते. भोवतालचा डोंगर एप्रिलमध्ये राखाडी झालेला असताना ही हिरवी रेघ नाल्याची वाट दाखवीत जाते. दूरच्या टेकडीवरून पाहिले तर पाणी कोठे आहे, हे या रेघेवरून कळते. गुराखी आणि वन्यप्राणी दोघेही तिचा माग काढतात.

रानाचे वर्ष

पानझडी जंगल पाहायला नेमके केव्हा जावे, याचे एकच उत्तर देता येत नाही. ते वर्षातून निदान तीन वेळा रूप पालटते.

जानेवारीपासून पाने गळू लागतात. सागाचे पान मोठे, वाळले की कडक होणारे. मार्चमध्ये जंगलातून चालताना एवढा आवाज होतो की चोरपावलांनी जाणे कोणालाही शक्य नसते. एप्रिल-मेमध्ये डोंगराचा सांगाडा उघडा पडतो. कडे, घळी, सुटे दगड, जुन्या पायवाटा, सगळे दिसू लागते. भूगोलाच्या अभ्यासकाला हाच काळ सोयीचा. याच उजाड दिवसांत मोह फुलतो. त्याची रसाळ, फिकट पिवळी फुले पहाटेच्या आधी जमिनीवर टपटपू लागतात आणि उजाडण्यापूर्वीच टोपल्या घेऊन बायका-मुले झाडाखाली पोचलेली असतात. त्यांच्याही आधी कधीकधी अस्वल येऊन गेलेले असते. मोहाची वेळ ही माणूस आणि अस्वल यांच्या गाठीभेटीची वेळ ठरते, आणि त्या भेटी सुखाच्या नसतात. फुलांनंतर येणाऱ्या फळांना टोळ म्हणतात. त्यांच्या बियांचे तेल काढतात.

मे महिना तेंदूपत्त्याचा. झुडपांची आधी खुटकटाई केलेली असते, म्हणजे नवी, मऊ, मोठी पाने येतात. ही पाने तोडून सत्तर-सत्तरांचे पुडके बांधायचे आणि फळीवर नेऊन मोजून द्यायचे. अशा हजार पुडक्यांची एक गोणी धरली जाते, म्हणजे एका गोणीमागे सत्तर हजार पाने. खरीपाच्या बियाण्याचा पैसा अनेक घरांत या हंगामातून उभा राहतो. हाच काळ वणव्यांचाही आहे. मोहाखालचा पाचोळा साफ करण्यासाठी लावलेली काडी किंवा चांगली पाने फुटावीत म्हणून पेटविलेले झुडूप, यांतून आग डोंगर चढते. वनखाते जाळरेषा काढते, तरी दरवर्षी काही डोंगर काळे होतातच.

पहिल्या पावसानंतर आठवड्याभरात हे सगळे झाकले जाते. आषाढ-श्रावणात कडे दिसत नाहीत, वाटा दिसत नाहीत. बांबूचे कोवळे कोंब, ज्यांना विदर्भात वास्ते म्हणतात, जमिनीतून वर येतात. तरोट्याची भाजी घरोघरी शिजते. कळलावीची ज्वाळेसारखी फुले कुंपणांवर चढतात. सफेद मुसळीची पाने गवतात लपून असतात आणि शोधणाऱ्याला सापडतात. साग याच काळात फुलतो. त्याचे पांढुरके तुरे डोंगरभर उठलेले पाहायचे असतील तर भर पावसाळ्यात यावे लागते, आणि भर पावसाळ्यात येणे हेच तर कठीण. पावसाळा सरता सरता सागाची पाने किडे कुरतडतात व त्यांच्या शिरांची जाळी तेवढी उरते. नवखा माणूस रोग पडला असे समजतो. तो दरवर्षीचा क्रम आहे.

गवताकडे बहुतेकांचे लक्ष जात नाही, ही खेदाची गोष्ट म्हटली पाहिजे. जंगलातल्या मोकळ्या जागांत, ज्या चपट्या माथ्यांवर अधिक आहेत, पवन्या आणि मारवेल ही जनावरांना मानवणारी गवते उगवतात. चराई फार झाली की ती हटतात आणि कपड्यांत घुसणारी कुसळी माजते. तिखाडी अथवा रोशा नावाच्या सुगंधी गवतापासून पूर्वी विदर्भात आणि खानदेशात तेल गाळण्याचा धंदा चाले. ते तेल परदेशीही जात असे. गुरे हे गवत सहसा तोंडात घेत नाहीत, त्यामुळे ते अजून टिकून आहे. चितळ, रोही आणि रानडुकरांचा वावर याच गवताळ तुकड्यांभोवती असतो. त्यांच्यामागे बिबट असतो. टिपेश्वर अभयारण्यात जन्मलेल्या व गळ्यात रेडिओ कॉलर असलेल्या एका तरुण वाघाने २०१९ मध्ये बुलडाणा जिल्ह्यातील ज्ञानगंगा अभयारण्यापर्यंत तेराशे किलोमीटरांचा प्रवास केला, तेव्हा पैनगंगेच्या खोऱ्यातील ही जंगले त्याच्या वाटेवरचा आसरा ठरली होती.

माणसे, कायदे आणि सडक

हा प्रदेश निर्मनुष्य नाही. आंध, गोंड, कोलाम, परधान या आदिवासी जमाती आणि बंजारा समाज येथे पिढ्यान्‌पिढ्या राहत आले आहेत. आंध जमातीची वस्ती या पट्ट्यात विशेष आहे. शेती कोरडवाहू, जमीन हलकी. जंगलाच्या काठावरच्या शेताला रानडुकरांची राखण करावी लागते. त्यामुळे मोह, तेंदू, चारोळी, डिंक, आवळा हे वरकमाईचे विषय नसून वर्षाच्या हिशेबातले ठरलेले रकाने आहेत.

अभयारण्य झाल्यानंतर या रकान्यांवर कायद्याची रेघ ओढली गेली. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २००० मध्ये राष्ट्रीय उद्याने व अभयारण्यांतून सुकलेली झाडे, गवत आदी काढण्यास मनाई केली. पुढे २००६ चा वनहक्क कायदा आला. त्याने पारंपरिक वननिवासींना गौण वनोपजावर मालकी हक्क दिला आणि तो अभयारण्यांनाही लागू केला. राज्य सरकारने २०२१ मध्ये मोहफुलांचे संकलन आणि वाहतूक यांवरील निर्बंध उठविले. एका हाताने घेतलेले दुसऱ्या हाताने परत देण्याचा हा क्रम कागदावर स्पष्ट दिसतो. झाडाखाली टोपली घेऊन उभ्या असलेल्या बाईला आज कोणता नियम चालू आहे, हे तितके स्पष्ट असेलच असे नाही.

सडकेचा प्रश्नही याच कागदांत अडकतो. राखीव वनातून रस्ता न्यायचा तर १९८० च्या वनसंवर्धन कायद्यानुसार केंद्र सरकारची मंजुरी लागते. अभयारण्य असेल तर राष्ट्रीय वन्यजीव मंडळाची शिफारसही आवश्यक ठरते. वनहक्क कायद्याने यात एक फट ठेवली आहे. शाळा, दवाखाना, पाण्याची टाकी, रस्ता अशा सुविधांसाठी ग्रामसभेची शिफारस असेल तर एक हेक्टरहून कमी वनजमीन वापरता येते, मात्र हेक्टरी पंचाहत्तरहून अधिक झाडे तोडता येत नाहीत. एक हेक्टर म्हणजे दहा हजार चौरस मीटर. पाच मीटर रुंदीचा साधा रस्ता धरला तर त्यात दोन किलोमीटरही पुरते बसत नाहीत. बंदी भागातल्या वस्त्यांची अंतरे पाहता ही सवलत बऱ्याच ठिकाणी अर्ध्या वाटेतच संपते. त्यापुढे पुन्हा प्रस्ताव, पाहणी, त्रुटी आणि पुन्हा प्रस्ताव.

रस्त्याची मागणी येथे जुनी आहे आणि ती कोणत्याही अंगाने अवाजवी नाही. अडलेल्या बाळंतिणीला बाजेवर घालून नाल्यापलीकडे न्यावे लागते, पावसाळ्यात शिक्षक शाळेत पोचू शकत नाहीत, रुग्णवाहिका रपट्याच्या अलीकडे थांबते. या गोष्टी दुर्गम वनप्रदेशांत सर्वत्र घडतात आणि बंदी भाग त्याला अपवाद नाही. दुसरी बाजूही तितकीच खरी. सागाच्या चोरट्या तोडीला चाक लागते. खांद्यावरून किंवा पाण्यावरून ओंडके नेण्याला मर्यादा असते, मालमोटारीला ती नसते. रस्त्याच्या दोन्ही कडांना ऊन पोचते आणि उन्हाबरोबर रायमुनिया, रानतुळस व गाजरगवत आत शिरतात. रायमुनियाची जाळी एकदा बसली की तिच्याखाली गवत उगवत नाही, रोपही धरत नाही. जेथे जंगल रस्त्यापासून दूर आहे तेथे ही झुडपे अजून विरळ आहेत. बंदी भागातील रान ज्या कारणाने टिकले त्याच कारणाने तेथील माणसे मागे राहिली, ही या प्रश्नाची खरी गाठ आहे. ती सोडविण्यासाठी सगळ्याच ठिकाणी रुंद डांबरी सडकेची गरज नाही. अस्तित्वात असलेल्या वाटेवरचे नाले ओलांडता आले, रपट्यांच्या जागी पुरेशा उंचीचे छोटे पूल झाले, तरी पावसाळ्यातले निम्मे दुःख हलके होईल. पूल बांधायला नव्या जंगलजमिनीची गरज रस्त्याच्या मानाने कितीतरी कमी लागते. हा मुद्दा चर्चेत येतो त्यापेक्षा अधिक वेळा यायला हवा.

डोह आणि धबधबा

नदीकाठच्या झाडीचे भवितव्य आता केवळ पावसावर अवलंबून राहिलेले नाही. ऊर्ध्व पैनगंगा प्रकल्पाचे ईसापूर धरण वर बांधले गेल्यापासून नदीचे पाणी अडते आणि कालव्यांनी वळते. उन्हाळ्यात खालचे पात्र कोरडे पडते आणि काठावरची गावे धरणातून नदीत पाणी सोडण्याची मागणी करतात. ही मागणी माणसांच्या आणि गुरांच्या पिण्यासाठी असते. कहू आणि जांभळाच्या झाडांसाठी अर्ज करणारा कोणी नसतो. पण पात्रातल्या खोल डोहांत जे पाणी साचून राहते, त्यावर ती झाडे, त्यांवरचे पक्षी आणि रात्री पाण्यावर येणारी जनावरे उन्हाळा काढतात. डोह आटले की प्राणी गावांच्या विहिरींकडे आणि शेतांकडे सरकतात.

सहस्रकुंडचे रूपही या पाण्यावर ठरते. नदी येथे काळ्या पाषाणाच्या रुंद पट्ट्यावरून अनेक धारांनी खाली कोसळते. पाण्याने खडकात कोरलेले खळगे उन्हाळ्यात उघडे पडतात, तेव्हा लाव्ह्याच्या थराची जाडी आणि घट्टपणा प्रत्यक्ष पाहता येतो. जुलै ते सप्टेंबर या काळात, विशेषतः धरणातून पाणी सोडले असता, सगळ्या धारा एक होतात. धबधब्याचा एक काठ यवतमाळ जिल्ह्यात मुरली गावाच्या बाजूस, तर दुसरा नांदेड जिल्ह्यात इस्लापूरच्या बाजूस येतो. पर्यटकांची गर्दी दोन्ही काठांवर असते. जंगल मात्र मुरलीच्या बाजूने मागे, नदीच्या वळणात शिरत जाते.

जाणाऱ्यांसाठी थोडी माहिती. ढाणकीला उमरखेडहून किंवा नदी ओलांडून हिमायतनगरहून पोचता येते. पूर असेल तर दुसरा मार्ग गृहीत धरू नये. अभयारण्याच्या आत जाण्यासाठी वनखात्याची परवानगी लागते. झाडांची ओळख करून घ्यायची असेल तर नोव्हेंबर-डिसेंबर हा काळ चांगला, कारण पाने झाडावर असतात आणि नाले उतरलेले असतात. पळस आणि गणेर पाहायचे तर फेब्रुवारीअखेर ते मार्च. खडक आणि डोंगराची घडण पाहायची तर एप्रिल, मात्र पाणी बरोबर नेलेच पाहिजे आणि काडीपेटी घरी ठेवली पाहिजे. बिटरगावच्या पुढे वाटाड्या घेतल्याशिवाय डोंगर चढू नये. चपट्या माथ्यावर सगळ्या दिशा सारख्याच दिसतात, आणि कड्यावरून खाली उतरणारी वाट नेमक्या एखाद्याच जागी असते.